लग्नाला गेलेलं संग्रहालय

मुलीच्या बापानं व्याह्यासमोर कसं बसावं, यावर आमच्या सोसायटीत दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, खुर्चीच्या अगदी कडेवर बसावं. दुसरा म्हणतो, खुशाल टेकून बसावं, पण चहा दुसऱ्यांदा मागू नये. मी पहिल्या पंथाचा. थेटेसाहेबांपुढे कडेवर बसून बसून माझी कंबर धरली होती, आणि डॉक्टरांना त्याचं खरं कारण सांगायची मला लाज वाटत होती.

थेटे नाशिकचे. द्राक्षबागा, शीतगृह, शिवाय बोलणं. त्यांचा तुषार आणि आमची मानसी पुण्यात एकाच कंपनीत. दोघांनी आपापसांत सगळं ठरवून टाकलं आणि आमच्यासाठी फक्त बैठक तेवढी शिल्लक ठेवली. आता लग्न कसं करायचं? थेट्यांच्या मते नाशिकच्या हायवेवर मोठ्या लॉनवर, आठशे माणसांत, वरून ड्रोन फिरवत. मानसीच्या मते अगदी लहान, घरगुती. ‘‘बाबा, तुषारलाही तेच हवंय, पण त्याच्या पप्पांपुढे त्याचं काही चालत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही बोला.’’

तुम्ही बोला! सहकारी बँकेच्या काउंटरमागे ज्यानं जन्म काढला, त्या माणसाला ‘पुढच्या खिडकीवर जा’ एवढंच बोलायची सवय असते. मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मी तोंड उघडताच थेटे म्हणाले, ‘‘वाळुंज, तुम्ही कशाची काळजी करू नका,’’ आणि मी खरोखरच करायचा थांबलो. अनघा, म्हणजे आमची सौभाग्यवती, घरी आल्यावर म्हणाली, ‘‘व्याही बोलतात तेव्हा तुमची दातखीळ बसते का हो?’’ या प्रश्नालाही मी उत्तर दिलं नाही.

मे महिन्यात थेट्यांनी आम्हा दोघांना लोणावळ्याला बोलावलं. त्यांच्या कुणा मित्राचा बंगला होता. ‘‘पुढच्या रविवारी बैठक आहेच, त्याआधी जरा मोकळं बोलू,’’ असं ते म्हणाले. मोकळं म्हणजे ते बोलणार आणि आम्ही मोकळे. निघताना मानसीनं माझी बॅग हातात दिली आणि म्हणाली, ‘‘बाबा, या दोन दिवसांत बोला. एकदा बैठकीत याद्या झाल्या की संपलं.’’ पोरीचे डोळे भरले होते. मी तिला वचन दिलं. लिफ्टमध्ये अनघानं माझ्याकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

लोणावळ्यात पहिल्या संध्याकाळी थेट्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास सांगितला. त्यांच्याकडे सनद होती, चांदीची गुढी होती आणि खापरपणजोबांनी वाघाच्या कानशिलात मारल्याची आख्यायिका होती. थेटेवहिनी शेजारी बसून चिक्कीचे तुकडे करत होत्या. या बाई मला आवडत. त्या कधी बोलायच्या नाहीत, कारण त्यांना कधी जागाच मिळायची नाही. वाघ दुसऱ्यांदा उठून उभा राहिला तेव्हा मला काय झालं कोण जाणे, मी एकदम म्हणालो, ‘‘आमच्या घराण्याचीही एक वस्तू संग्रहालयात आहे.’’

थेटे थांबले. परिचय झाल्यापासून ते प्रथमच थांबत होते.

‘‘कसली वस्तू?’’

‘‘पूर्वजांची.’’

‘‘तलवार?’’

मी चहाचा घोट घेतला. चहाचा घोट घेणं म्हणजे होकार नव्हे, हे मी कुठल्याही कोर्टात सिद्ध करू शकेन.

आता यात खोटं काही नव्हतं. आमचं मूळ गाव मावळातलं, कामशेतच्या आत पवनेच्या अंगाला, उंबरवाडी. तिथे गावकऱ्यांनी एक संग्रहालय काढलंय. माझा चुलतभाऊ भिकाजी परंदवडीजवळच्या कारखान्यात असतो. त्यानं मागे फोनवर सांगितलं होतं, ‘‘दादा, आपली वस्तू म्युझियमला दिली. पार मधोमध ठेवलीय. बाया येऊन हळदकुंकू वाहतात.’’ मावळातलं घर, मधोमध मांडलेली वस्तू, वर हळदकुंकू. तलवारीखेरीज दुसरं काय असणार? भिकाजीला विचारता आलं असतं. पण विचारलं की उत्तर मिळतं, म्हणून मी विचारलं नव्हतं.

‘‘उद्याच बघू,’’ थेटे म्हणाले. रात्री अंथरुणावर मी बेत पक्का केला. तलवारीपुढे उभं राहायचं, पाठ ताठ करायची आणि तिथेच सांगायचं की लग्न लहान होईल. पूर्वजांच्या पोलादासमोर माणूस कडेवर बसत नाही. अनघाला बेत सांगितला तर ती म्हणाली, ‘‘तुमच्या घरात कांदा चिरायची सुरीसुद्धा कधी धारेची नव्हती,’’ आणि कूस वळवून झोपली.

सकाळी गाडी आली. ड्रायव्हर अजीम, कामशेतचा, हसऱ्या चेहऱ्याचा. उंबरवाडीचं संग्रहालय म्हटल्यावर तो म्हणाला, ‘‘आज नका जाऊ साहेब. आज मोठी तिथी आहे.’’

‘‘संग्रहालयं सोमवारी बंद असतात. आज शुक्रवार.’’

‘‘बंद नसतंय हो ते. पण आज तिथी आहे ना.’’

तिथीचा आणि संग्रहालयाचा काय संबंध? मी त्याच्याकडे सुशिक्षित माणसाच्या सहनशीलतेनं पाहिलं आणि गाडीत बसलो.

पुढे कामशेतला चहाला थांबलो. टपरीवर रस्ता विचारला तर चौघांनी चार रस्ते सांगितले, पण एका गोष्टीवर चौघांचं एकमत होतं, की इथून इंद्रायणी तांदूळ घेतल्याशिवाय जाऊ नये. थेट्यांना सल्ला पटला. त्यांनी अख्खं पोतं घेतलं. डिकीत त्यांच्या चिक्कीच्या पिशव्या होत्या, त्यामुळे पोतं मागच्या सीटवर आलं, आणि मागच्या सीटवर मी होतो. वीरपुरुषाचा वंशज आपल्या पूर्वजांच्या गावी मांडीवर तांदळाचं पोतं घेऊन शिरला. शिवाय पोतं कुठंतरी उसवलेलं होतं. खिशात, चपलेत, नाही तिथे तांदूळ शिरला. अजीम आरशातून बघत म्हणाला, ‘‘शुभ असतं साहेब. अक्षता पडल्या समजा.’’

संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेच्या दोन खोल्या. बाहेर रंगवलेली पाटी, तिच्यावर ग्रामसेवकांचा आणि रंजनाताईंचा फोन नंबर, दाराला भलं मोठं कुलूप. समोर पारावर एक म्हातारबाबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. हे धोंडिबा आबा.

‘‘आबा, चावी कुणाकडे असते?’’ मी विचारलं.

‘‘एक गिरामसेवकाकडं, एक रंजनाबायकडं.’’

‘‘ते कुठे आहेत?’’

‘‘त्यो वडगावला मिटिंगला गेलाय. बाय लग्नात हाय.’’

मी ग्रामसेवकांना फोन लावला. ते कुजबुजत म्हणाले, ‘‘मीटिंगमध्ये आहे. अर्ज व्हॉट्सअॅपवर टाका, सोमवारी बघतो.’’ मी पारावर बसून अर्ज लिहिला. थेट्यांनी तो वाचला, ‘महोदय’च्या जागी ‘मा. महोदय’ घालायला सांगितलं. अर्ज गेला. त्यावर लगेच अंगठा आला आणि पुढे काही आलं नाही. मग भिकाजीला फोन लावला. तो कारखान्याच्या रखवालदारानं उचलला. ‘‘वाळुंज पहिल्या पाळीला आहेत, फोन गेटवर जमा असतो. काय निरोप?’’ निरोप एकच होता, आपली नेमकी वस्तू कुठली. पण थेटे कानाशीच उभे. ‘‘तब्येतीला जप म्हणावं,’’ असं सांगून मी फोन ठेवला. रंजनाताईंना फोन लावला तर पलीकडून फक्त बँजो ऐकू आला.

ऊन चढलं. थेटे घड्याळ बघायला लागले. तेव्हा आबा म्हणाले, ‘‘आत जायाचं आसंल तर जावा की.’’

‘‘कुलूप आहे ना!’’

‘‘कुलूप नुस्तं अडकवलंय. चावी हारवून लय दिस झालं.’’

‘‘अहो, मग सांगितलं का नाहीत?’’

‘‘तुमी चावीचं इचारलं. चावी दोघांकडंच असती, आसं कागदावर हाय.’’

आम्ही आत गेलो. संग्रहालय रिकामं होतं. म्हणजे भिंती होत्या, चौथरे होते, टेबलं होती. त्यांच्यावर काही नव्हतं. फक्त धुळीत स्वच्छ गोल, चौकोन आणि लांबट आकार उमटले होते. एका कोपऱ्यात मैलाचा दगड, एक गंजलेली मतपेटी आणि पाऊस मोजायचं इंग्रजांच्या काळातलं भांडं एवढंच काय ते इतिहासाच्या वतीनं हजर होतं.

‘‘चोरी!’’ थेटे ओरडले. त्यांनी खिशातून फोन काढला. ‘‘एसपी माझ्या ओळखीतले आहेत.’’

दारातून आबा म्हणाले, ‘‘चोरी कशाची? लग्नाला गेल्यात.’’

‘‘कोण?’’

‘‘वस्तू.’’

मग आबांनी दारात बसून खुलासा केला. संग्रहालय काढायचं ठरलं तेव्हा घराघरांतून जुन्या वस्तू गोळा झाल्या. घंगाळं गेलं, समया गेल्या, पाट गेले, उखळ-मुसळ गेलं. पुढं लग्न निघालं की पंचाईत. हळदीला लागणाऱ्या वस्तू साऱ्या गावात कुणाच्याच घरी नाहीत, सगळ्या इतिहासात जमा! तेव्हा गावानं बैठक घेतली आणि ठरवलं की ज्या घरी लग्न असेल त्या घरी संग्रहालय जाईल. ‘‘त्यात आज लग्नाची मोठी तिथी,’’ आबा म्हणाले. ‘‘वस्तू बघायच्या तर लग्नाला जावा. हितं भिंती बघून काय करता?’’

अजीम बाहेर गाडीला टेकून उभा होता. तो काही बोलला नाही, पण त्याच्या न बोलण्याचा मला राग आला.

तेवढ्यात माझी नजर भिंतीकडे गेली. काचेची पेटी, आत लाल मखमल. पेटी रिकामी होती, पण मखमलीवर न विटलेला एक पट्टा होता. लांब, किंचित वाकडा, एका टोकाला मुठीची गाठ. तलवार! मला भरून आलं. खरं सांगतो, त्या क्षणी माझाच माझ्यावर विश्वास बसला.

‘‘ही आमची जागा,’’ मी म्हणालो. पाठ आपोआप ताठ झाली.

थेट्यांनी बूट काढले आणि रिकाम्या मखमलीला नमस्कार केला. वहिनींनीही केला. अनघानं केला नाही, ती माझ्याकडेच बघत होती. मी बोलणारच होतो. ‘‘थेटेसाहेब,’’ मी सुरुवातही केली, ‘‘एक गोष्ट स्पष्ट...’’

‘‘आधी दर्शन!’’ थेटे म्हणाले. ‘‘चला लग्नाला.’’

लग्न दोन आळ्या पलीकडे होतं. सकाळी हळद, संध्याकाळी अक्षता, असा तिथला रिवाज. निमंत्रण नाही, ओळख नाही, पण मांडवात पाऊल टाकताच कुणीतरी ‘‘या पाव्हणं’’ म्हणून आम्हाला बसवलं आणि हातात सरबत दिलं. हळूहळू माझ्या लक्षात आलं की आम्ही संग्रहालयातच बसलो होतो. घंगाळ्यात बर्फ घालून पाणी ठेवलं होतं. जुन्या पाटांवर म्हातारी मंडळी बसली होती. पालखीच्या दांड्याला टेबलफॅन बांधला होता. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवलेली, वस्तूचं नाव आणि देणाऱ्याचं नाव. थेटे एकेक चिठ्ठी वाचत फिरू लागले. दोन आज्यांना तर त्यांनी चिठ्ठीसाठी पाटावरून उठवलं.

आणि मध्यभागी, हळदीनं पिवळा झालेला नवरदेव. गणेश त्याचं नाव. त्याच्या हातात तलवार होती, टोकाला लिंबू खोचलेलं.

आम्ही चौघं वाजतगाजत नाही, पण त्याच गांभीर्यानं पुढे गेलो. थेट्यांनी नवरदेवाची परवानगी घेतली, तलवारीचं पातं दोन्ही हातांत धरलं आणि आदरानं कपाळाला लावलं. पातं वाकलं. थेट्यांनी सरळ केलं, ते दुसऱ्या बाजूला वाकलं. मग त्यांनी मुठीची चिठ्ठी वाचली, मोठ्यानं.

‘‘उंबरवाडी हौशी नाट्यमंडळ. खलनायकाची तलवार. पत्रा.’’

त्यांनी चिठ्ठी उलटून मागची बाजूही पाहिली.

‘‘वाळुंज,’’ थेटे म्हणाले, ‘‘तुमचे पूर्वज नाटकात होते का?’’

मी काय सांगणार? धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं, पण तिथे तर शेणानं सारवून रांगोळी काढलेली. इतक्यात एक ठसठशीत बाई हाताला हळद, कमरेला पदर अशा समोर आल्या. या रंजनाताई. बचत गटाच्या अध्यक्ष, संग्रहालयाच्याही अध्यक्ष.

‘‘वाळुंज म्हन्ले का कुणी? भिकाजीभाऊंचं तुमी?’’

‘‘हो, मी त्यांचा चुलत...’’

‘‘आवं मंग हितं भाईर काय करताय! तुमची वस्तू आत हाय, चला.’’

आतल्या पडवीत बायकांचा घोळका होता. मधोमध, आंब्याची पानं बांधलेलं, हळदकुंकवानं माखलेलं, एक जातं. दोन बाया समोरासमोर बसून त्यावर हळद दळत होत्या. खुंट्याला चिठ्ठी होती. ती वाचायची मला गरज नव्हती. पण थेट्यांनी वाचली. ‘‘जातं. वाळुंज कुटुंब.’’ मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते हसले. चांगले पोट धरून हसले.

‘‘पीठ! अहो, पीठ दळत होते तुमचे पूर्वज!’’

बायकांनी अनघाला हात धरून जात्याशी बसवलं, मालकीण म्हणून. समोर कोण बसणार? थेटेवहिनी कुणाला न विचारता खाली बसल्या, पदर खोचला आणि खुंट्यावर हात ठेवला. थेट्यांनी ते पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावर हात टाकून त्यांनी मला मांडवात आणलं. ते इतके खुशीत आले होते की त्यांना आता थांबवणं शक्य नव्हतं. बँजो शिगेला पोचला होता, म्हणून ते माझ्या कानात ओरडत होते.

‘‘काळजी करू नका! लॉनच्या कमानीवर तलवारी लावू, खऱ्या! वर तुमचं नाव टाकू! आठशे कशाला, हजार माणसं बोलावू, सगळ्यांना दाखवू! मानसीला बग्गीतून आणू! काय?’’

एरवी मी मान हलवली असती. पण चपलेत तांदूळ टोचत होता, डोक्यात ऊन चढलं होतं, आणि डोळ्यांपुढे बॅग हातात धरून उभी असलेली पोरगी आली. आईनं आणि आजीनं ज्या दगडावर आमचं घर जगवलं, त्याला हा माणूस हसला होता. बँजोच्या वरताण आवाज काढून मी ओरडलो,

‘‘हे लग्न मला मान्य नाही!’’

आता, बँजोवाल्याला त्याच घटकेला चहा आला, याला मी काय करू? ‘हे लग्न’ या शब्दांच्या आधी बँजो थांबला होता. माझं वाक्य मांडवाच्या पार टोकापर्यंत गेलं आणि परत आलं. भटजींच्या हातातलं ताम्हन तिरकं झालं. आचारी बाहेर आले.

‘‘कोन हाय रं ह्यो?’’ नवरदेवाचा बाप उठला.

‘‘पोरीकडचा दिसतोय.’’

‘‘न्हाई, पोरीचा मामा न्हाई ह्यो.’’

‘‘मंग ह्याला का मान्य न्हाई?’’

आमच्याभोवती कडं झालं. गणेशसुद्धा पाटावरून उठून पुढे आला. बिचाऱ्याचं लग्न होतं, घाबरायचाच. ज्या तलवारीला मी मनातल्या मनात आमची म्हटलं होतं, तिचं टोक, लिंबासकट, माझ्या पोटाकडे वळलं होतं. पत्र्याचं असलं तरी टोक ते टोकच.

‘‘हे नव्हे हो!’’ मी हात जोडले. ‘‘हे लग्न उत्तम आहे! मला माझ्या मुलीचं लग्न मान्य नाही!’’

यानं गोंधळ वाढला. तेव्हा माझा नाइलाज झाला आणि आठवड्यानुआठवडे घशात अडकलेलं सगळं मी त्या अनोळखी माणसांपुढे ओतलं. मुलीला लहान लग्न हवंय, घरगुती. हे माझे व्याही, यांना हजार माणसं आणि ड्रोन हवंय. मी पोरीला बोलायचं वचन दिलंय आणि यांच्यापुढे मला बोलता येत नाही. आता बोललो. रागवायचं तर रागवा. एवढं बोलून मी समोरच्या खुर्चीवर बसलो, चांगला टेकून.

कड्यानं मला एकदा खालीवर न्याहाळलं. मग ते थेट्यांकडे वळलं.

‘‘आवं, पोरीचं ऐकावं मानसानं.’’

‘‘वर फिरनारं ते काय आसतंय? जेवनात पडलं तर?’’

‘‘सून घरात आनायची का आभाळात न्यायची?’’

थेट्यांनी तोंड उघडलं. एका आजीनं, मघाशी पाटावरून उठवलेल्या, त्यांना ‘‘थांब रं जरा’’ म्हणून गप्प केलं. नाशिक जिल्ह्यात हे करायची कुणाची छाती नव्हती. आणि त्या शांततेत आतून जात्याची घरघर ऐकू आली, तिच्यावर एक बारीक, सवय मोडलेला, पण सुरेल आवाज.

‘‘दळण दळीते, हळदीचं गं पिवळं,
सून येते माझ्या घरा, तिचं ऐकावं सगळं...’’

थेटेवहिनी गात होत्या. थेटे दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. वहिनींनी ओवी पुरी केली, घाम पुसला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘आपल्या लग्नात माझ्या आईनं अशीच हळद दळली होती. तुम्ही तेव्हा बाहेर भाषण करत होता. अहो, ते ड्रोन नको. तुषारच्या लग्नात मला हे जातं हवंय.’’

थेट्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. घसा खाकरून ते म्हणाले, ‘‘त्यात काय? विकत घेऊ. नाशिकला नेऊ.’’

‘‘जातं विकायचं न्हाई,’’ रंजनाताई म्हणाल्या, ‘‘आन् गावाच्या शिवंभाईर जात न्हाई. नियम हाय. ज्याला पायजे त्यानं लगीन हितं लावावं.’’

‘‘मालकाला सवलत नाही?’’ मी विचारलं.

‘‘मालक गाव हाय आता. तुमी नुस्तं दान देनारं. हां, मान तेवढा मिळंल.’’

मान लगेच मिळाला. माइकवाल्यानं सुरू केलं, ‘‘ज्यांच्या जात्यावर आज आपल्या गणेशची हळद दळली, ते वाळुंज भाऊसाहेब आपल्यामधी आलेत, त्यांचा सत्कार...’’ मला फेटा बांधला, नारळ दिला. फेटा जरा कानावर आला होता, पण मी तो सावरला नाही. टाळ्या झाल्या. त्यात थेट्यांच्याही होत्या. ‘‘आंधळ्यानं तलवार मागितली, देवानं जातं दिलं,’’ अनघा माझ्या कानात म्हणाली, पण फोटोही तिनंच काढला.

जेवायच्या पंगतीत थेटे माझ्या शेजारी बसले. बराच वेळ ते भाताशी खेळत होते. मग म्हणाले, ‘‘वाळुंज, तुम्ही आधीच सांगायचंत.’’ मी म्हणालो, ‘‘जागाच मिळाली नाही.’’ ते हसले, या वेळी दुसऱ्या तऱ्हेनं. हिच्या तोंडून ओवी आज पहिल्यांदा ऐकली, असं त्यांनी हळूच सांगितलं. मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली. ठरलं. लग्न उंबरवाडीत, मारुतीच्या देवळापुढं, दिवाळीनंतर. लॉन नाही, बग्गी नाही, मोजकी घरची माणसं.

बुंदी वाढायला आलेल्या रंजनाताईंनी हे ऐकलं. ‘‘लय ब्येस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फकस्त आवतण चूलबंद लागंल.’’

‘‘म्हणजे?’’ थेट्यांनी विचारलं.

‘‘गावात लगीन म्हंजे त्या दिवशी गावातल्या एकाबी घरात चूल पेटत न्हाई. समदी मांडवात जेवत्यात. शेजारच्या गावचं पाव्हणं आलं तर त्येबी. जातं फुकाट न्हाई भाऊसाहेब.’’

थेट्यांनी मांडवाबाहेर पाहिलं. मीही पाहिलं. उंबरवाडी खालून दिसते त्यापेक्षा बरीच मोठी आहे. ती ओढ्यापलीकडे जाते, मग वळसा घेऊन टेकडीवर चढते, आणि टेकडीमागूनही कोंबडे आरवल्याचे आवाज येत होते. थेट्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘‘व्याही,’’ ते म्हणाले, ‘‘आपलं लॉन यापेक्षा लहान होतं.’’

मानसीचा फोन आला तेव्हा मी पारावर फेटा सोडत बसलो होतो. आबा शेजारीच होते.

‘‘बाबा, बोललात?’’

‘‘बोललो.’’

‘‘खरंच? त्यांच्यासमोर?’’

‘‘त्यांच्यासमोर, आणि जरा इतरांच्याही. लॉन रद्द. ड्रोन रद्द. आपल्या गावी लग्न, आपल्या जात्यावर हळद, ओव्या तुझ्या सासूबाई म्हणणार.’’

पलीकडून तिचं नाक ओढणं ऐकू आलं. ‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘मला वाटलं नव्हतं तुम्ही बोलाल.’’ मला वाटलं होतं, असं सांगणं खोटं ठरलं असतं.

‘‘म्हणजे अगदी लहान ना?’’ तिनं विचारलं.

मी चूलबंद समजावून सांगायला सुरुवात केली. ओढ्यापर्यंत पोचलो तेव्हा ती गप्प झाली. टेकडी चढायचा मला धीर होईना. तेवढ्यात आबा फोनजवळ वाकून मोठ्यानं म्हणाले, ‘‘पोरी, वरची वाडी धरलीया का न्हाई? आमची घरं तितं हायेत!’’

‘‘कोण आहेत ते?’’

‘‘धोंडिबा आबा. वरच्या वाडीचे.’’

मी डोळे मिटले. केलेलं सगळं पाण्यात गेलं, असं मला वाटलं. मग मानसी हसायला लागली. लहानपणी हसायची तशी, थांबताच येत नसे तिला.

‘‘त्यांना सांगा बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘वरची वाडी पहिली धरलीय.’’

सांगायला मी वळलो, तर आबा काठी टेकत टेकडीच्या चढाला लागलेसुद्धा होते, आणि वरच्या पहिल्या घराला इथूनच हाका मारत होते.